तीस भाकऱ्यांचा शिकारखाना

दर महिन्याच्या सात तारखेला माझं एक व्हाउचर फुकट जायचं.

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी कारकून होतो. पगाराच्या दिवशी कामगारांची रांग संपत आली की बदलापूरच्या बाजूने कारभारी उगवायचे. वाळकी उंच अंगकाठी, पांढरी मिशी, पायात करकरणाऱ्या वहाणा आणि मान अशी ताठ की डोक्यावर फेटा नसूनही तो आहे असं वाटावं. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. व्हाउचर हातभर लांब धरून वाचायचे, खिशातलं शाईचं पेन काढायचे, नावापुढचा ‘चौकीदार’ हा शब्द एका रेघेत खोडायचे आणि वर वळणदार अक्षरात लिहायचे, ‘कारभारी, शिकारखाना’. मग खाली सही.

खाडाखोड केलेलं व्हाउचर अकाउंट्समध्ये चालत नसे. मी कपाळाला हात लावून दुसरं लिहायचो. त्यावरही ‘चौकीदार’च असायचं. त्यावर मात्र ते मुकाट्याने सही करायचे.

“मग पहिलं कशाला वाया घालवता, कारभारी?” मी एकदा वैतागून विचारलं.

“आपलं काम सांगायचं. येकदा सांगितलं. आता लिव्हणाऱ्यानं बगावं.”

लिहिणारा मी होतो. त्यांच्या नेमणुकीचं पत्रसुद्धा माझ्याच अक्षरातलं. नोकरीला लागून मला महिनाही झाला नव्हता. “कुत्री राखणार ना तो? मग चौकीदारच. लिही,” असं आमचे पर्सोनेल मॅनेजर म्हणाले आणि मी लिहिलं. नवी नोकरी होती, साहेब म्हणाले असते तर मी ‘राष्ट्रपती’ही लिहिलं असतं.

आता कारखान्याला शिकारी कुत्री कशाला, हे सांगायला हवं. आमचे शेठ सिंधी. फाळणीनंतर वडिलांचं बोट धरून उल्हासनगरच्या कॅम्पात आले, तिथेच वाढले, तिथेच धंदा उभा केला. त्यांच्या आजोबांकडे तिकडे सिंधमध्ये म्हणे शिकारी कुत्री होती. हातात पैसा खेळायला लागल्यावर शेठनी दुसरं काही घेतलं नाही. सोनिवलीला नदीच्या अंगाला दोन एकरांचा तुकडा घेतला आणि त्यावर अकरा कारवानी कुत्री ठेवली. लांब तोंडाची, पोट आत ओढलेली, सशामागे धावण्यासाठीच जन्माला आलेली. शिकारीवर सरकारने केव्हाच बंदी घातली होती, पण ते कुत्र्यांना कोणी कळवलं नव्हतं.

आणि कुत्र्यांबरोबर आले कारभारी. दक्षिणेकडच्या एका लहानशा संस्थानात त्यांचे वडील शिकारखान्यात होते. शिकारखाना म्हणजे राजाच्या शिकारीचं खातं. संस्थान गेलं, राजा गेला, खातं गेलं. पण कारभाऱ्यांच्या डोक्यातला शिकारखाना काही बंद झाला नव्हता. सोनिवलीच्या त्या पत्र्याच्या शेडला त्यांनी पहिल्या दिवसापासून तेच नाव दिलं. कारखान्यात सगळे त्यांना चेष्टेने कारभारी म्हणू लागले. चेष्टा आपल्याला कळलीच नाही, अशा थाटात ते ओ द्यायचे.

कुत्र्यांशी ते अहो-जाहो बोलायचे. मी पहिल्यांदा सोनिवलीला गेलो तेव्हा आतून आवाज आला, “राणीसाहेब, उठा आता. तुफानराव, आपण बाजूला व्हा.” मला वाटलं, शेठचे पाहुणे आलेत. मी बाहेरच चपला काढून, शर्ट खोचून उभा राहिलो. पाच मिनिटांनी राणीसाहेब शेपटी हलवत आल्या आणि त्यांनी माझा गुडघा हुंगला.

त्यांची नोकरी काय होती, ते ऐका. पहाटे उठून कुत्र्यांना नदीकाठाने दोन-दोनच्या जोडीने पळवून आणायचं. मग एकेकाला मांडीशी घेऊन गोचीड काढायचे, पंजे तपासायचे, अंगाला तेल चोळायचं. पावसाळ्यात शेडमध्ये राखेचा थर. दोन वेळचं खाणं. आजारपण, बाळंतपणं. रविवारी शेठचे पाहुणे, म्हणून रविवारी काम दुप्पट. सुट्टी नाही. सात वर्षांत नवरा-बायकोंनी मिळून एकही लग्न पाहिलं नव्हतं. पत्रिका आली तरी दोघांपैकी कोणालाच इथून हलता यायचं नाही, असा हिशेब.

राहायला शेडला लागून एक खोली होती. तिथे त्यांची बायको चुलीशी बसलेली असायची. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो. बुटकी, गोल चेहऱ्याची, कमी बोलणारी बाई. रोज तीस भाकऱ्या. ज्वारीच्या. ज्वारी कारभारी खास गावाकडून मागवायचे, कारण इकडच्या तांदळाच्या भाकरीवर त्यांचा विश्वास नव्हता.

“तांदळावर कुत्रं पळत न्हाई, साहेब. झोपतंय. तुमच्याच हापिसात बगा की दुपारचं.”

दोन नियम ते प्राणापलीकडे पाळायचे. भाकरी दुधात कुस्करली की पहिला घास स्वतः खायचा. “जे आपल्याला जात न्हाई ते मुक्या जीवाला का द्यायचं?” आणि दुसरा, कुत्र्यांनी फक्त त्यांच्याच हातचं खायचं. विष घालणाऱ्यांच्या भीतीने वडिलांनी लावलेली ती शिस्त होती. मी एकदा तुफानरावांपुढे ग्लुकोजचं बिस्किट धरलं. तुफानरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मलाच खावं लागलं.

एका रविवारी शेठनी मलाही पाहुण्यांच्या दिमतीला बोलावलं होतं. त्यांतल्या एकाला खुमखुमी आली. झाडीत ससे आहेत, कुत्रे सोडा, गंमत पाहू. कारभारी हाताची घडी घालून उभे राहिले.

“सरकारची बंदी हाय. आन भूक नसताना मारायचं आमच्यात न्हाई.”

पाहुणे हिरमुसले. शेठचा चेहरा पडला. ते पाहून कारभारीही थोडे विरघळले आणि त्यांची नजर माझ्या स्कूटरवर गेली. दहा मिनिटांत स्कूटरच्या मागे लांब दोरीला गोणपाटाचं बोचकं बांधलं गेलं आणि मला सांगण्यात आलं, “साहेब, गिअर टाका आन मागं बगू नका.” कुळगावच्या दिशेने मी जी स्कूटर पिटाळली तशी जन्मात कधी पिटाळली नाही. मागे बघितलं नाही, पण ऐकू येत होतं. भुंकणं नव्हे, कारण ही कुत्री धावताना भुंकत नाहीत. फक्त पायांचा आणि श्वासांचा आवाज, जवळ जवळ येणारा. त्या दिवशी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, शेठ खूश झाले आणि मी सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

रजेवरून आठवलं. एकदा कामगार खात्याचे इन्स्पेक्टर तपासणीला आले आणि कुठून कसे सोनिवलीलाही पोचले. तिथे खुंटीला त्यांना एक हजेरीपुस्तक सापडलं. ते घेऊन ते तडक माझ्यासमोर येऊन बसले.

“ह्या राणीसाहेब, हिराबाई, तुफानराव... अकरा कामगार आहेत. सगळे रोज हजर. ह्यांचा पगार तुमच्या रजिस्टरला का नाही?”

मला घाम फुटला. पुस्तक पाहिलं. कारभाऱ्यांचंच वळणदार अक्षर. रोजच्या रोज हजेरी, आणि मध्येच ‘पवनराव, पंजाला काटा, आजारी रजा’, ‘राणीसाहेब, बाळंतपणाची रजा, दीड महिना’. ती कुत्री आहेत हे इन्स्पेक्टरसाहेबांना पटवायला मला पंधरा मिनिटं लागली. पटल्यावर ते पोट धरून हसले, आम्ही सगळेच हसलो. ते गेल्यावर मी पुस्तक पुन्हा चाळलं. सात वर्षांत अकरा जणांच्या सगळ्या रजा त्यात होत्या. कारभाऱ्यांची एकही नव्हती, कारण त्यांचं नावच त्यात नव्हतं. वहिनींचं नाव तर कशातच नव्हतं. मी ते पुस्तक परत पाठवून दिलं. त्यापलीकडे मी काही केलं नाही, हे कबूल करतो.

मग संप झाला.

पगाराचा करार संपला होता, बोलणी फिसकटली होती. युनियनचे सेक्रेटरी म्हणजे आमच्याच मशीनशॉपमधले टर्नर. उल्हासनगरला राहायचे, ‘जयभीम’ म्हणून हात मिळवायचे, आणि बोलायला लागले की मॅनेजर घड्याळ बघायचे. संपाच्या आदल्या दिवशी ते सोनिवलीला गेले. कारभारीही युनियनचे सभासद होते, पावती फाडलेली होती.

“उद्यापासून काम बंद,” सेक्रेटरी म्हणाले.

“कुत्र्यांस्नी चारणं, हे काम धरायचं का न्हाई?”

“बघा कारभारी, ज्याचा पगार मिळतो ते काम. सोपं आहे.”

चुलीपाशी बसलेल्या वहिनी पहिल्यांदाच मधे बोलल्या. “मग माझ्या भाकऱ्या चालू ऱ्हाऊ द्या. त्याचा कुठं पगार मिळतोय?”

त्या गमतीने म्हणाल्या होत्या, सेक्रेटरी हसलेही. कारभारी हसले नाहीत. हे मला पुढे सेक्रेटरींनीच सांगितलं. म्हणाले, “माणूस परातीतल्या भाकऱ्या मोजल्यासारखा बघत राहिला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटसमोर मांडव पडला, लाल झेंडे लागले, घोषणा सुरू झाल्या. आम्ही ऑफिसवाले आत खिडकीशी उभे. दहाच्या सुमाराला घोषणा हळूहळू थांबल्या. बदलापूरच्या रस्त्याने कारभारी येत होते. दोन्ही हातांत दोऱ्या, आणि दोन-दोनच्या जोडीने अकरा कारवानी. अकरावे तुफानराव एकटे पुढे. सोनिवलीहून निघून, बदलापूरचं फाटक ओलांडून, कात्रपवरून सगळी वरात चालत आली होती. मागून टेम्पोत परात, दुधाची किटली आणि वहिनी.

मांडवात कुत्री ओळीने बसली. कारभाऱ्यांनी भाकरी कुस्करली, पहिला घास खाल्ला, आणि एकेकाला वाढलं.

“अहो, पण हे काम झालं की!” कोणीतरी ओरडलं.

“शेठच्या आवारात चारलं तर काम. रस्त्यावर चारलं तर धरम.”

त्यावर जी टाळी पडली ती आम्हाला वरच्या मजल्यावर ऐकू आली. खोटं कशाला बोलू, मीही वाजवली. मॅनेजरसाहेबांनी वळून पाहिलं, तेव्हा मी डास मारल्यासारखं केलं.

अकरा वाजता शेठची गाडी आली. मॅनेजर धावत गेले. “शेठ, पोलीस कंप्लेंट करूया. चोरी आहे ही सरळसरळ. एकेक कुत्रा हजारोंचा.”

शेठनी गाडीची काच खाली केली आणि बराच वेळ मांडवाकडे बघितलं. “चोर होता तो लेके भाग जाता. गेट पे आके नहीं बैठता.” मग काचेतूनच त्यांनी कारभाऱ्यांना हाक मारली. “अरे भाई, तुफान ने पानी पिया क्या? धूप बहुत है.”

“प्यालेत, शेठ. आपण काळजी करू नका.”

असे नऊ दिवस. रोज सकाळी येणं, संध्याकाळी परत. संपाच्या बातमीपेक्षा कुत्री बघायलाच गर्दी व्हायची. अंबरनाथ पश्चिमेहून माझी बायकोसुद्धा शेजारणीला घेऊन बघून गेली. हजेरीपुस्तक मांडवाच्या बांबूला लटकवलेलं होतं आणि त्यात अकराही जणांच्या नावांपुढे रोज लिहिलेलं होतं, ‘संप’.

संप कुत्र्यांमुळे मिटला असं मी म्हणणार नाही. शेठची एक मोठी ऑर्डर अडकली होती, ते खरं कारण. दहाव्या दिवशी दोन्ही बाजू टेबलाशी बसल्या आणि लिहायला मी. एकेक कलम सरकत सरकत शेवटी सोनिवली आली. मॅनेजर म्हणाले, “ठीक आहे. साप्ताहिक सुट्टी देऊ. हुद्दाही बदलू, श्रेणी वरची. लिहा, ‘कारभारी’.”

सात वर्षांनी तो शब्द हुद्दा म्हणून मॅनेजरच्या तोंडून आला होता. मला इतका आनंद झाला की मी लिहायलाच लागलो. कारभाऱ्यांनी माझ्या कागदावर हात ठेवला.

“भाकऱ्या कोण करतंय, साहेब?”

“ते तुमचं घरचं काम आहे,” मॅनेजर म्हणाले.

“घरात माणसं दोन हाईत. रोज तीस भाकऱ्या घरच्या असतील तर आम्ही राक्षस म्हणायचं.”

सेक्रेटरी पुढे सरकले. वाद झाला. मॅनेजर काही वाईट माणूस नव्हते, पण त्यांना शेठनी आकडा बांधून दिलेला होता. शेवटी ते म्हणाले, “दोन्ही बसत नाही. एक तर तुमचा हुद्दा आणि श्रेणी, नाही तर बाईंना नोकरीवर घेतो. काय ते ठरवा.”

कारभाऱ्यांनी एक क्षणही घेतला नाही. “माझं चौकीदारच ऱ्हाऊ द्या. तिचं नाव घाला.”

माझ्या कागदावर ‘कारभा’ एवढं लिहून झालेलं होतं. ते मी खोडलं. आयुष्यात पुष्कळ खाडाखोड केली, पण हात जड झाला तो तेव्हाच. तरी सांगतो, त्या माणसाच्या शेजारी बसून मी ते खोडलं, ह्याचा मला आजही अभिमान वाटतो.

वहिनींची सुट्टी गुरुवारी ठरली. पहिल्याच गुरुवारी त्यांचे कागद घेऊन मी सोनिवलीला गेलो. वहिनी नव्या इरकली लुगड्यात, डोक्यात अबोलीचा गजरा, पायरीवर नुसत्या बसल्या होत्या. आतून धूर येत होता. आत कारभारी चुलीशी, कोपरापर्यंत पीठ, घामाघूम. परातीत ज्या काही गोष्टी पडल्या होत्या त्यांना भाकरी म्हणणं धाडसाचं होतं.

“वहिनी, जरा हात लावा की,” मी म्हणालो.

“सुट्टी म्हंजे सुट्टी,” वहिनी म्हणाल्या. “युनियनचं तसंच हाय.”

कारभाऱ्यांनी एक भाकरी दुधात कुस्करली. नियम म्हणजे नियम, पहिला घास तोंडात घातला. चावत राहिले. बराच वेळ चावत राहिले. अकरा कुत्री जीव लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तो घास कसाबसा खाली उतरला.

“साहेब,” ते म्हणाले, “तिचा पगार कमीच लिव्हलाय आपण.”

पायरीवर वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. कुत्र्यांनी मात्र त्या भाकऱ्या खाल्ल्या. हात त्यांचा होता, म्हणून खाल्ल्या असाव्यात.

आणि मग सात तारीख आली. ह्या वेळी नवरा-बायको दोघेही आले. कारभाऱ्यांसाठी मी सवयीने एक जादा कोरं व्हाउचर काढून ठेवलं होतं. पण त्यांनी पहिलंच घेतलं, न वाचता, न खोडता सही केली आणि मला परत दिलं.

वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या. स्वतःच्या व्हाउचरवर त्यांनी एकेक अक्षर सावकाश काढून सही केली. आयुष्यातली पहिली. मग टेबलावरचं नवऱ्याचं व्हाउचर उचलून वाचलं.

“ह्ये चौकीदार अजून का?” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “तुमी तर दर खेपेला खोडताय म्हणत हुतासा.”

कारभारी खिडकीबाहेर बघू लागले. त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. शेठनी खुशीने तुला कामावर घेतलं, एवढंच सांगितलं होतं. मी गप्प बसायला हवं होतं, पण बसलो नाही. टेबलाशी जे झालं ते सगळं मी वहिनींना सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. डोळे भरले, पण पुसले नाहीत. हात पुढे केला. कारभाऱ्यांनी मुकाट्याने खिशातलं शाईचं पेन काढून दिलं. वहिनींनी ‘चौकीदार’वर रेघ मारली. एक नाही, तीन मारल्या, कागद फाटेल इतक्या जोरात. वर जागा उरली नव्हती म्हणून समासात, उभ्या आडव्या अक्षरांत लिहिलं, ‘कारभारी’.

“आता लिव्हणाऱ्यानं बगावं,” त्या म्हणाल्या.

मी कोरं व्हाउचर पुढे ओढलं. श्रेणी माझ्या हातात नव्हती. शब्द होता. कोणाला न विचारता मी नावापुढे ‘कारभारी, शिकारखाना’ लिहिलं आणि सहीला दिलं. कारभाऱ्यांनी ते हातभर लांब धरून वाचलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून सही केली.

अकाउंट्समध्ये ते कोणी वाचलंसुद्धा नाही. पुढे कारखाना बंद होईपर्यंत मी तसंच लिहीत राहिलो, आणि माझं एकही व्हाउचर पुन्हा फुकट गेलं नाही.